कुजायचे कुठे? प्लास्टिकच्या नैसर्गिक पर्यायांचा आढावा

माणसाने घडवलेली पहिली प्लास्टिके खनिज तेलातून आलेली नाहीत. १८६२ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात अलेक्झांडर पार्क्स यांनी जे 'पार्कसाइन' मांडले, ते वनस्पतींतल्या सेल्युलोजपासून बनले होते. पुढे काही वर्षांत अमेरिकेत जॉन वेस्ली हयात यांनी त्यात कापराचा नेमका उपयोग करून सेल्युलॉइड आणले. बिलियर्डच्या चेंडूंसाठी लागणाऱ्या हस्तिदंताला त्यांना पर्याय हवा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत दुधातल्या केसीनवर फॉर्मल्डिहाइडची प्रक्रिया करून 'गॅलालिथ' निघाले आणि युरोपातल्या कोटांना त्याची बटणे लागली. लाखही याच पंगतीतली. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या कीटकाचा तो स्राव. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकड्या मुख्यतः लाखेच्याच होत्या. भारत तेव्हाही लाखेच्या उत्पादनात पुढे होता आणि आजही आहे. रांचीजवळच्या नामकुमला १९२० च्या दशकात खास लाखेसाठी संशोधन संस्था उभी राहिली. मग व्हिनाइलच्या तबकड्या आल्या आणि लाखेचा हा बाजार गेला.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे, की नैसर्गिक पर्याय ही आज प्रयोगशाळेत जन्मलेली कल्पना नाही. ही द्रव्ये एकदा बाजारात होती, विकली जात होती आणि स्पर्धेत हरली. ती का हरली, हे नीट समजून घेतल्याशिवाय ती परत कशी येतील हे कळणार नाही. १९०७ च्या बेकलाइटनंतर आणि विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन, पीव्हीसी जिंकली, ती स्वस्त होती म्हणून. शिवाय त्यांना ना पाणी लागत होते, ना बुरशी, ना कसर. एकाच दाण्यापासून पिशवी, बादली, नळी, खुर्ची, हवे ते निघत होते. न कुजणे हा तेव्हा दोष नव्हता, तोच विक्रीचा गुण होता. आज जगात वर्षाला सुमारे ४० कोटी टन प्लास्टिक बनते. त्यात जैवप्लास्टिक म्हणून जे काही मोजले जाते, त्याचा वाटा एक टक्काही नाही. या प्रमाणाचे भान ठेवूनच पुढचे सगळे वाचावे.

उगम आणि शेवट

या विषयातला सर्वांत मोठा घोळ दोन वेगळे प्रश्न एकत्र केल्याने होतो. वस्तू कशापासून बनली हा एक प्रश्न, आणि तिचे शेवटी काय होते हा दुसरा. एकाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. ब्राझीलची ब्रास्केम ही कंपनी २०१० पासून उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिन बनवते. त्याचा उगम शंभर टक्के शेतातला, पण रेणू तोच नेहमीचा पॉलिथिनचा. म्हणून उसापासून बनलेली ती पिशवीही नदीत तितकीच वर्षे राहील. याच्या नेमके उलट पीबीएटी. हे पॉलिमर बहुतांशी खनिज तेलातूनच येते, तरी योग्य परिस्थितीत सूक्ष्मजीव ते खाऊन टाकतात. आपल्याकडे 'मक्यापासून बनलेली' म्हणून मिळणाऱ्या हिरव्या छापाच्या पिशव्यांमध्ये स्टार्चच्या जोडीला बहुधा हेच असते. पिशवीला ताण सहन करता येतो तो पीबीएटीमुळे. नुसत्या स्टार्चची फिल्म दमट हवेत चिकट होते आणि कोरड्या हवेत फाटते.

कुजणे ठरते ते रेणूच्या जोडणीवरून. पॉलिथिनच्या साखळीत कार्बनला कार्बन जोडलेला असतो, आणि ती जोडणी तोडण्याचे हत्यार सूक्ष्मजीवांकडे जवळजवळ नाहीच. स्टार्च आणि सेल्युलोज यांच्या साखळ्या निसर्गानेच बांधलेल्या, त्यामुळे त्या तोडणारी विकरे जंगलातल्या मूठभर मातीतही सापडतात. पीएलए, पीएचए (या दोन्हींबद्दल पुढे) आणि पीबीएटी ही पॉलिएस्टर कुटुंबातली. त्यांच्या जोडण्या पाण्याने आणि विकरांनी तुटू शकतात. 'शकतात' हे क्रियापद महत्त्वाचे आहे. तुटायला ऊब, ओल, हवा आणि सूक्ष्मजीव लागतात, आणि त्यातले एक जरी कमी पडले तरी काम थांबते. म्हणून 'हे प्लास्टिक कुजते का?' हा प्रश्न अर्धाच आहे. 'कुठे कुजते?' असे विचारल्यावर तो पूर्ण होतो.

पीएलए: ऊस, जेजुरी आणि ५८ अंश

नैसर्गिक पर्यायांपैकी कारखान्याच्या खऱ्या अर्थाने जवळ आलेले द्रव्य म्हणजे पीएलए, पॉलिलॅक्टिक आम्ल. दह्याला आंबटपणा देणारे लॅक्टिक आम्ल साखर किंवा स्टार्च आंबवून मोठ्या प्रमाणात करायचे, त्यापासून लॅक्टाइड नावाचे कडे बनवायचे आणि ती कडी उघडून लांब साखळी करायची, असा हा मार्ग. अमेरिकेत नेब्रास्कातल्या ब्लेअर इथे नेचरवर्क्सचा कारखाना २००० च्या दशकाच्या सुरुवातीपासून मक्यापासून पीएलए काढतो. थायलंडमध्ये रायोंगला उसाच्या साखरेवर चालणारा ७५,००० टनांचा कारखाना आहे.

महाराष्ट्राशी या गोष्टीचा सांधा थेट आहे. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये जेजुरीला जैवपॉलिमरचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. साखरेपासून लॅक्टिक आम्ल, त्यापासून लॅक्टाइड, त्यापासून पीएलए ही सगळी साखळी तिथे एका छताखाली दाखवली जाते. उत्तर प्रदेशात बलरामपूर चिनी मिल्सने मोठ्या, व्यापारी कारखान्याचे काम हाती घेतले आहे. इथेनॉलच्या धोरणाची दिशा दर हंगामात पाहणाऱ्या साखर कारखान्यांना साखरेसाठी आणखी एक गिऱ्हाईक मिळणे ही मोठी गोष्ट आहे. मला हा मार्ग आश्वासक वाटतो. मात्र ऊस हे पाणी पिणारे पीक आहे आणि ज्या जिल्ह्यांत ते उभे आहे त्यातले काही उन्हाळ्यात टँकरवर असतात. पीएलएसाठी आणखी ऊस लावायचा, की आहे त्या उसाची साखर तिकडे वळवायची, हे आधी ठरले पाहिजे. माझे मत दुसऱ्या बाजूला आहे.

यंत्रावर पीएलए कसे वागते, ते छोट्या कारखानदाराने आधी समजून घ्यावे. पॉलिप्रॉपिलीनची पोती फोडून दाणा सरळ हॉपरमध्ये टाकता येतो. पीएलए हवेतली ओल शोषते, आणि ओलसर दाणा एक्स्ट्रूडरमध्ये तापला की तेच पाणी साखळ्या तोडू लागते. माल ठिसूळ निघतो. म्हणून ड्रायरमध्ये दाणा काही तास वाळवूनच घ्यावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये वसई-भिवंडीच्या हवेत हे काम किती चिकाटीचे असेल, ते तिथल्या कामगारांना सांगायला नको. दुसरी अडचण उष्णतेची. साधे पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडते. थंड सरबताचा पेला त्याचा चांगला होतो, उकळत्या चहाचा होत नाही. स्फटिकीकरण वाढवून उष्णता सोसणारे पीएलए करता येते, पण त्यासाठी साच्यात वेळ जास्त जातो आणि तासाला निघणारे नग कमी होतात.

कुजण्याची अटही तितकीच कडक आहे. औद्योगिक कंपोस्टच्या चाचण्या सुमारे ५८ अंशांवर होतात. भारतात त्यासाठी आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आहे. युरोपीय मानकात सहा महिन्यांत नव्वद टक्के विघटन अपेक्षित असते. मोठ्या, नीट उलटवल्या जाणाऱ्या कंपोस्टच्या ढिगात ही ऊब आपोआप तयार होते. गच्चीवरच्या कुंडीत, मुळा-मुठेच्या काठावर किंवा अरबी समुद्रात ती नसते. पीएलएचा चमचा समुद्रात पडला, तर त्याची गत साध्या प्लास्टिकच्या चमच्यापेक्षा फार वेगळी होत नाही.

पिशवी कुठे पोहोचते

इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगवेगळ्या पिशव्या मातीत, समुद्रात आणि उघड्या हवेत ठेवून पाहिल्या. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. 'बायोडिग्रेडेबल' असे छापलेली पिशवी तीन वर्षे माती आणि समुद्रात राहूनही बाजाराचे सामान उचलू शकत होती. कंपोस्टेबल पिशवी समुद्रात तीन महिन्यांत दिसेनाशी झाली, पण मातीत २७ महिन्यांनंतरही तिचे अवशेष होते. एकाच पिशवीचे दोन ठिकाणी दोन वेगळे निकाल. छापलेल्या शब्दावर विसंबणाऱ्या ग्राहकाची यात काय चूक?

याच्या शेजारी मिलानचे उदाहरण ठेवावे. इटलीने २०११ मध्ये न कुजणाऱ्या पातळ पिशव्या बंद केल्या आणि २०१२ पासून मिलान शहराने टप्प्याटप्प्याने घरोघरचा अन्नकचरा कंपोस्टेबल पिशवीत वेगळा गोळा करायला सुरुवात केली. दुकानातून सामान ज्या पिशवीत आले, तीच पिशवी घरी शिळ्या अन्नासाठी वापरायची आणि भरली की कचरागाडीत द्यायची. ती अन्नासकट वायू आणि खताच्या प्रकल्पात जाते. इथे पिशवी कुजणारी आहे याला अर्थ आहे, कारण ती कुजण्याच्या जागी पोहोचते. द्रव्य आणि व्यवस्था एकाच वेळी आखली गेली, हे या यशाचे कारण आहे.

आपल्याकडे काय होते? मुंबईत १९२७ पासून देवनारच्या ढिगावर कचरा पडत आला आहे. अशा ढिगाच्या पोटात हवा नसते. तिथे कुजणारी वस्तू कुजलीच, तर मिथेन सोडते, आणि हवामानासाठी मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी घातक आहे. पुण्यात कचरावेचक महिलांनी स्वतःची संघटना आणि 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभारून सुक्या कचऱ्याच्या पुनर्वापराची जी साखळी चालवली आहे, ती मला या राज्याची अभिमानाची गोष्ट वाटते. पण त्या बाईच्या हातात पीएलएची पारदर्शक बाटली आणि पीईटीची बाटली शेजारीशेजारी आली, तर ती डोळ्यांनी कशी वेगळी करणार? पीईटीच्या गठ्ठ्यात थोडे पीएलए मिसळले तरी पुनर्वापराचा माल गढूळ आणि कमजोर होतो. कंपोस्टेबल पिशव्या पॉलिथिनच्या भंगारात गेल्या, तर दाण्याचा भाव पडतो. म्हणजे शहाणपणाने न आणलेला पर्याय तिच्याच रोजीवर घाला घालतो. पर्यायी द्रव्यांवरच्या परिषदांमध्ये हा मुद्दा फार क्वचित निघतो, याची मला खंत वाटते.

जिवाणूंचे प्लास्टिक

समुद्रात आणि साध्या मातीतही बऱ्यापैकी कुजणारे पॉलिमर म्हणजे पीएचए. काही जिवाणू आपल्या पेशीत अन्नाचा साठा म्हणून ते साठवतात. त्यातले पीएचबी पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या मॉरिस लमॉइन यांनी १९२० च्या दशकातच ओळखले होते. १९९० मध्ये ब्रिटनच्या आयसीआय कंपनीच्या 'बायोपॉल'पासून केलेल्या शाम्पूच्या बाटल्या जर्मनीत विकायला आल्या. पुढे हा व्यवसाय एका कंपनीकडून दुसरीकडे फिरत राहिला, पण मोठा झाला नाही. जिवाणू वाढवायचे, पेशी फोडायच्या, पॉलिमर वेगळे करायचे, या सगळ्याला खर्च येतो. पीएचबी ठिसूळ असते, आणि त्याचे वितळण्याचे तापमान व बिघडण्याचे तापमान एकमेकांना इतके जवळ, की यंत्रावर हात फार सांभाळून चालवावा लागतो. अमेरिकेतली डॅनिमर ही या क्षेत्रातली गाजलेली कंपनी २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. तरीही मासेमारीची उपकरणे, शस्त्रक्रियेचे टाके यांसारख्या ठिकाणी, जिथे वस्तू परत गोळा करणे शक्यच नाही, तिथे पीएचएला तोड नाही.

तंतू, पाने, भुसा

आता ज्या द्रव्यांना वितळवावेच लागत नाही, त्यांच्याकडे येऊ. माझ्या मते आपला खरा जोर इथे आहे.

एक टन ऊस गाळला, की साधारण पाव टनाहून अधिक ओला बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, हाती येतो. बहुतेक बगॅस कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळतो, उरलेल्यावर सहवीजनिर्मिती चालते, काही कागद गिरण्यांना जातो. त्याचा लगदा करून गरम साच्यात दाबला, की थाळ्या, वाट्या, खोकी होतात. यात नवे पीक नाही, नवी जमीन नाही. पण एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. तेलकट, रस्सेदार पदार्थ झिरपू नयेत म्हणून अशा वस्तूंत अनेक ठिकाणी फ्लोरिनयुक्त रसायने, म्हणजे पीएफएएस, वापरली गेली आहेत. ही रसायने निसर्गात जवळजवळ नष्टच होत नाहीत. कुजणाऱ्या थाळीतून ती थेट खतात आणि तिथून शेतात जातात. डेन्मार्कने २०२० मध्ये अन्नाच्या कागदी वेष्टनातून ती हद्दपार केली. आपल्या बगॅस उत्पादकांनी 'पीएफएएस नाही' हा दाखला स्वतःहून मिळवावा, कायद्याची वाट पाहू नये.

'नैसर्गिक' म्हणजे आपोआप निर्धोक, असेही समजू नये. कोकण, गोवा आणि कर्नाटकात पोफळीच्या विऱ्या, म्हणजे पानांची रुंद आवरणे, दाबून केलेल्या सुंदर ताटल्या परदेशात भरपूर जात होत्या. २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या ताटल्या अन्नासाठी वापरू नयेत अशी भूमिका घेतली, कारण सुपारीच्या झाडातली अल्कलॉइडे अन्नात उतरण्याची शक्यता. घरगुती उद्योगांना हा मोठा फटका आहे. त्यावर उत्तर द्यायचे तर भावनेने नव्हे, आपल्याच प्रयोगशाळांमधल्या मोजमापांनी द्यावे लागेल. बांबूच्या नावाने युरोपात विकल्या गेलेल्या कपांचा धडाही असाच. त्यात बांबूचा भुसा होता खरा, पण तो मेलामाइनच्या राळेत बांधलेला होता. गरम पेयात त्यातून फॉर्मल्डिहाइड उतरते, असे तिथल्या तपासण्यांत दिसले.

पळसाच्या पत्रावळीला असल्या कुठल्याच राळेची गरज लागत नाही. चोयाने टाचलेली पाने, जेवण झाले की उकिरड्यात आणि तिथून शेतात. विदर्भातल्या जंगलभागात पळसाचा तोटा नाही. यंत्राने दाबलेल्या पत्रावळींना पंगतींच्या पलीकडे, कॅन्टीन आणि केटरिंगमध्ये बाजार मिळाला, तर पैसा पाने वेचणाऱ्या बायांच्या हातात जाईल.

तागाची गोष्ट सरकारी आहे. १९८७ च्या कायद्यानुसार अन्नधान्य तागाच्या बारदानात भरणे सक्तीचे आहे, साखरेच्या बाबतीत वीस टक्के. साखर कारखाने या वीस टक्क्यांवर नाराज असतात. पोते महाग, आणि तंतू साखरेत मिसळतात ही त्यांची तक्रार. तक्रार खरी आहे, पण तिचे उत्तर पोते बंद करण्यात नाही, त्याची वीण आणि अस्तर सुधारण्यात आहे. बांगलादेशात तागाच्या सेल्युलोजपासून पातळ पिशवी काढण्याचे काम मुबारक अहमद खान यांनी केले आणि 'सोनाली' पिशवी म्हणून ते गाजले. २००२ मध्ये पॉलिथिनच्या पिशव्यांवर बंदी घालणारा पहिला देशही तोच.

काथ्या, केळीच्या खुंटाचा धागा, अंबाडी, घायपात यांचा उपयोग पिशवीहून अधिक टिकाऊ वस्तूंत आहे. मोटारींच्या दारांच्या आतल्या पट्ट्यांत युरोपातले कारखाने गेली अनेक वर्षे जवस, ताग, अंबाडीचे तंतू घालत आहेत. भाग हलका होतो आणि प्लास्टिक कमी लागते. तंतू प्लास्टिकच्याच राळेत बसवल्यामुळे ही वस्तू पूर्णपणे कुजत नाही, पण दहा-पंधरा वर्षे टिकणाऱ्या दाराने कुजावे ही अपेक्षाच कशाला? जळगावात घड उतरल्यावर केळीचे खुंट बांधावर टाकले जातात. चाकणचे वाहन कारखाने याच राज्यात आहेत. ही दोन टोके जोडणारा उद्योग अजून पुरेसा उभा राहिलेला नाही.

बुरशी आणि समुद्रशेवाळ यांचा उल्लेख थोडक्यात. अमेरिकेतली इकोव्हेटिव्ह ही कंपनी २००७ पासून शेतातल्या भुशावर बुरशीचे जाळे वाढवून थर्मोकोलच्या जागी बसणारे पॅकिंग करते. साच्यात भुसा भरला, की बुरशीच साधारण आठवड्याभरात त्याला बांधते आणि मग ती तापवून निर्जीव करतात. लंडनच्या नॉटप्ला कंपनीने शेवाळाच्या पापुद्र्यात क्रीडापेय भरून २०१९ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये धावपटूंना दिले. दोन्ही कल्पना सुंदर आहेत, पण त्यांच्या उत्पादनाचा वेग आजच्या प्लास्टिक यंत्रांच्या जवळपासही नाही.

कायदा

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तुंबलेल्या नाल्यांतल्या पिशव्या साऱ्या राज्याने पाहिल्या. पुढच्या वर्षी राज्याने ५० मायक्रॉनखालच्या पिशव्या बंद केल्या. २०१८ मध्ये व्यापक बंदी आली, पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंडासह. १ जुलै २०२२ पासून देशभर काड्या, चमचे, थर्मोकोलच्या सजावटीसारख्या वस्तूंवर बंदी आहे. कंपोस्टेबल वस्तूंना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घेऊन मुभा मिळते. मार्च २०२४ च्या केंद्रीय दुरुस्तीने 'जैवविघटनशील' म्हणवणाऱ्या प्लास्टिकने सूक्ष्मप्लास्टिक मागे ठेवता कामा नये अशी अट घातली. ही अट योग्यच आहे. ज्या पिशव्यांत एखादे रसायन मिसळून त्यांचे फक्त बारीक तुकडे होतात, त्या 'ऑक्सो' जातीच्या मालावर युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशाने बंदीच आणली होती.

कापडी पिशवीबद्दलही हात राखून बोलायला हवे. डेन्मार्कच्या २०१८ च्या अभ्यासात कापसाची पिशवी हवामानाच्या हिशेबाने पॉलिथिनच्या बरोबरीला यायला पन्नासेक वेळा वापरावी लागते असे दिसले, आणि पाण्यासकट सगळे परिणाम धरले तर हजारो वेळा. जुन्या साडीची, लुगड्याची पिशवी या हिशेबातून सुटते, कारण तिच्यासाठी नवा कापूस पिकवावा लागत नाही. म्हणून एकदा वापरून फेकायच्या वस्तूला कुजणारी पण तशीच फेकायची वस्तू हा पर्याय मला सरसकट मान्य नाही. जिथे वस्तू अन्नाबरोबर किंवा मातीबरोबर जाणारच आहे, तिथेच कुजणाऱ्या द्रव्याचा खर्च करावा.

मातीत राहणारी फिल्म

आणि अशी सर्वांत मोठी जागा आपल्या शेतात आहे. टोमॅटो, मिरची, कलिंगड, स्ट्रॉबेरीच्या गादीवाफ्यांवर काळा-चंदेरी मल्चिंग पेपर सगळीकडे दिसतो. तण थांबते, पाणी वाचते, फळ स्वच्छ राहते. शेतकऱ्याला त्याचा फायदा खरा आहे. हंगाम संपल्यावर मात्र पातळ फिल्म उचलताना फाटते, उरलेले तुकडे नांगराखाली जातात, आणि गोळा केलेली फिल्म मातीने इतकी माखलेली असते, की भंगारवालाही नको म्हणतो. बहुतेकदा ती बांधावर जाळली जाते. मातीतच कुजणाऱ्या मल्चिंग फिल्मसाठी युरोपने २०१८ मध्ये वेगळे मानक केले. त्यानुसार साधारण पंचवीस अंशांच्या मातीत दोन वर्षांत नव्वद टक्के विघटन व्हायला हवे. उसाच्या फडात पाचट न जाळता आच्छादन म्हणून ठेवणे हा तर बिनखर्चाचा उपाय आहेच, पण स्ट्रॉबेरीच्या वाफ्यावर तो चालत नाही.

प्लास्टिक आच्छादनाला सरकार खर्चाच्या निम्म्यापर्यंत अनुदान देते. त्यातला एक हिस्सा मातीत कुजणाऱ्या फिल्मसाठी राखून ठेवावा आणि त्याआधी राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या प्रक्षेत्रांवर तिची पूर्ण दोन वर्षे चाचणी घ्यावी. युरोपातली माती वेगळी आहे. आपली काळी जमीन एप्रिल-मेमध्ये भेगाळते, वरचा थर महिनोन्‌महिने कोरडा राहतो, आणि ओल नसली की सूक्ष्मजीवांचे काम थांबते. कोकणातल्या जांभ्या मातीत पावसाचे चार महिने ओलच ओल, पण ती आम्लधर्मी. फिल्म कुठल्या मातीत किती महिन्यांत संपते, मागे काय उरते, पुढच्या पिकाच्या मुळांवर त्याचा काय परिणाम होतो, याचे आकडे इथल्या जमिनीतून काढले, तरच साताऱ्याच्या स्ट्रॉबेरीवाल्याला किंवा नारायणगावच्या टोमॅटोवाल्याला ही महाग फिल्म घे असे सांगता येईल.